आईबाप दोघंही धडधाकट, मग लेकीला सिकलसेल कसा?

धडगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय दोघंही निरोगी आहेत, दर हंगामाला गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांची चार वर्षांची मुलगी मात्र सतत आजारी असते. सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात, हिमोग्लोबिन सात-आठच्या वर जात नाही. तपासणीत मुलगी एसएस, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची रुग्ण निघाली आणि आईबाप दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, दोष सुनेच्या रक्तात आहे. कुणी म्हणतं, आम्ही कूळ सोडून सोयरीक करतो, मग हे आलं कुठून? आणि कुणी धीर देतं की चारांत एकच आजारी निघतं, ते एक होऊन गेलं, पुढची तीन चांगली होतील. यातलं खरं किती, आणि मुलीचं पुढे काय?

सर, नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यात लहान मुलांचा डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं काम करतो आहे आणि हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने अनेक घरांतून ऐकायला मिळतो. तुम्ही शिकवणारे आहात, गावात तुमचा शब्द चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावजयीवरचा आरोप काढून टाकू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक बापाकडून. सिकलसेलचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्याला 'एस' म्हणतात, आणि त्याच जागेवरच्या नेहमीच्या चांगल्या जनुकाला 'ए'. मुलगा की मुलगी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही, म्हणून हा आजार मुलांना आणि मुलींना सारखाच होतो. तुमची पुतणी एसएस आहे याचा अर्थ एक 'एस' आईकडून आला आणि दुसरा बापाकडून. एकट्या आईकडून आला असता तर ती आज एएस असती आणि अंगणात खेळत असती. दोघांचा वाटा अगदी समान आहे. हे घरात स्पष्ट सांगा, आणि तुमच्या भावाने स्वतः सांगितलं तर आणखी बरं. आजारी लेकराला घेऊन रात्र जागवणाऱ्या बाईला वर दोषही ऐकावा लागतो, हे मला फार लागतं.

आता 'चारांत एक'चा हिशेब. आईजवळ दोन चिठ्ठ्या आहेत, एकीवर ए, एकीवर एस. बापाजवळही तशाच दोन. प्रत्येक गर्भाच्या वेळी दोघांची एकेक चिठ्ठी निघते. दोन्हीकडून ए निघण्याची शक्यता चारांत एक, एकीकडून ए आणि दुसरीकडून एस निघण्याची चारांत दोन, दोन्हीकडून एस निघण्याची चारांत एक. इथवर लोकांना बरोबर माहीत असतं. चूक होते ती पुढे. निघालेली चिठ्ठी पुन्हा भांड्यात जाते. पुढच्या गर्भाच्या वेळी तोच खेळ पहिल्यापासून मांडला जातो, आधीच्या बाळाचा निकाल त्याला ठाऊक नसतो. पुढची तिन्ही मुलं एसएस नसण्याची शक्यता काढायची तर तीन चतुर्थांशाला तीनदा गुणा. उत्तर ६४ पैकी २७ येतं, म्हणजे निम्म्याहून कमी. 'एक होऊन गेलं' या भरवशावर दुसरं बाळ होऊ देणं किती धोक्याचं आहे ते यातून दिसेल. उलटंही खरं आहे. दोन्ही लेकरं एसएस निघाली म्हणजे पुढचंही तसंच होणार असं नाही.

कुळाचा प्रश्न चांगला आहे. पावरा काय, भिल्ल काय, कुळाबाहेर लग्न करण्याची रीत पक्की आहे आणि तिचा उपयोगही आहे. जवळच्या नात्यात लपून राहणारे पुष्कळ दुर्मीळ आजार तिने टळतात. पण सिकलसेलचं जनुक सातपुड्यात दुर्मीळ नाही. ते एका कुळात अडकलेलं नसून सगळ्या समाजात पसरलेलं आहे, म्हणून कूळ बदललं तरी एएसची एएसशी गाठ पडते. ते इतकं का पसरलं याचं उत्तर मलेरियात आहे. १९५४ साली संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस माणसाला फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगल-डोंगराच्या मलेरियाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या एएस लेकरं जास्त जगली, वाढली आणि त्यांचं जनुक पुढे गेलं. तुमच्या भावाच्या अंगातला 'एस' हा कुणाच्या पापाचा किंवा करणीचा पुरावा नाही. पूर्वज जगले कसे, त्याची ती खूण आहे. मात्र एसएस मुलांना हे संरक्षण लागू धरू नका. त्यांना मलेरिया झाला तर तो फार जड जातो. मुलीला मच्छरदाणीत झोपवा, आणि ताप आला की रक्ताची काच त्याच दिवशी तपासून घ्या.

आता मुलीच्या रक्तात नेमकं काय घडतं ते सांगतो, कारण ते कळलं की घरात काय करायचं ते आपोआप कळतं.

तांबड्या पेशीचं काम फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो अंगभर पोचवणं. त्यासाठी तिने स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. आत जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिनला, एका पेशीत त्याचे २५ कोटींहून जास्त रेणू. पेशीची रुंदी ७ ते ८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि कित्येक केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, त्याहून अरुंद. तिथून जाताना पेशीला दुमडावं, लांबावं लागतं. पेशी लवचिक आहे तोवरच हे जमतं.

प्रौढ हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची. तिच्या जनुकात सहाव्या अमिनो आम्लासाठी जीएजी अशी तीन अक्षरं असतात. सिकलमध्ये तिथे जीटीजी होतं. एकच अक्षर बदलतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार बदलतो आणि अंगावर एक खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत बरोबर बसतं. मग एकाला एक रेणू जोडत जाऊन ताठ तंतू तयार होतात आणि पेशीला आतून ताणून विळ्यासारखा आकार देतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नोंदवलेला आकार तो हाच. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इनग्राम यांनी नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं ते शोधून काढलं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे आहे. प्राणवायू सोडल्याबरोबर तंतू तयार होत नाहीत, थोडा वेळ जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसात पोचली आणि तिला पुन्हा प्राणवायू मिळाला तर ती वाचते. मुलीचा दिवस बरा जातो तो या उसंतीमुळे. ही उसंत पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असते आणि तिथे गणित फार कडक आहे. अंगातलं पाणी कमी होऊन पेशी जराशी जरी आटली, तरी तंतू कित्येक पटीने लवकर तयार होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की पेशी आत जास्त वेळ अडकते. ताप आला, जंतुसंसर्ग झाला की पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, पुन्हा वेळ वाढतो. मग रक्ताची वाट तुंबते, पुढच्या हाडाला प्राणवायू मिळत नाही आणि लेकरू कळवळून रडतं. 'हातपाय फुटतात' असं आया सांगतात, ते दुखणं हेच. ते खोटं नसतं, नाटक नसतं, आणि फार तीव्र असतं.

एएस माणसाच्या पेशीत निम्म्याहून कमी, साधारण ३५ ते ४० टक्के, एस हिमोग्लोबिन असतं आणि बाकीचं नेहमीचं. तेवढ्यावर रोजच्या आयुष्यात तंतू तयार होत नाहीत. म्हणून तुमचा भाऊ उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढतो. त्याला आजार नाही. त्याला औषध नको, पथ्य नको, उन्हात काम करताना भरपूर पाणी प्यावं एवढंच पुरे. एएस हा रक्तगट नाही, हेही गावात सांगा, दोन्हींत गल्लत करणारे पुष्कळ भेटतात. सिकलसेल शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही.

'जन्मली तेव्हा चांगली होती' हेही घरात म्हणत असतील. तेही खरं आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ते सिकलच्या तंतूत सामील होत नाही. जन्मानंतर हळूहळू गॅमा बंद होऊन बीटा सुरू होते. सहा महिन्यांनंतर त्रास दिसू लागतो, बहुतेक वेळा हातापायांचे पंजे सुजून. याच कारणाने सहा महिन्यांच्या आत केलेली साधी सोल्युबिलिटी तपासणी (रक्तात एस हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी) खोटा दिलासा देऊ शकते. तान्ह्या बाळासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, करावी लागते.

डोळे पिवळे होण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण खान्देशात पिवळे डोळे म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे झाडपाल्याचं औषध, हा रस्ता फार रुळलेला आहे. चांगली तांबडी पेशी १२० दिवस जगते. सिकलची पेशी बहुतेकदा १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या हिमोग्लोबिनपासून जो पिवळा पदार्थ बनतो तो डोळ्यांत दिसतो. यकृत बहुतेक वेळा ठीकच असतं. काविळीच्या पथ्यावर ठेवून, तेल-डाळ बंद करून या मुलीला उपाशी मारू नका. तिच्या हाडांतला मगज दिवसरात्र नवीन पेशी घडवतो आहे, तिला इतर मुलांपेक्षा जास्त अन्न लागतं. भाकरी, डाळ, अंडं, अंबाडी-मेथीसारखी पालेभाजी, सगळं द्या.

हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाचं टॉनिक आणतात. पेशी फुटल्या तरी त्यांतलं लोह शरीरातच राहतं. आणि ज्या मुलांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं त्यांच्यात ते साठून हृदय-यकृताला इजा करतं. आपल्याकडच्या मुलांत लोहाची खरी कमतरताही असते, हे खरं. म्हणून आधी फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, मग निर्णय. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र द्यायचीच. हिमोग्लोबिन सात-आठ असेल आणि मुलगी खेळते-जेवते आहे, तर केवळ आकडा वाढवायला रक्त भरू नका. या आजारात रक्त फार दाट झालं तर तेही वाईट. रक्त लागेल तेव्हा सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून ते मोफत मिळतं, त्यासाठी बदली रक्तदाता आणण्याची सक्ती करता येत नाही.

मूत्रपिंडाबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात, म्हणून सिकलची पेशी तिथे सहज अडकते. लहान वयातच लघवी दाट करण्याची ताकद जाते. मग मुलगी वारंवार लघवीला जाते, रात्री अंथरूण ओलं करते. आई संध्याकाळपासून पाणी बंद करते, वर मार देते. हे दोन्ही थांबवा. तिचं शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून तिला ते जास्तच लागतं. शाळेत तिच्या वर्गशिक्षिकेला सांगा की मागेल तेव्हा पाणी पिऊ द्यावं, मागेल तेव्हा बाहेर जाऊ द्यावं.

याच कारणाने माझं स्पष्ट मत आहे की मुलीला ऊसतोडीच्या पडावावर नेऊ नये. पहाटेची थंडी, दिवसभर ऊन, पाण्याचा भरवसा नाही, दवाखाना लांब. पेशीला जे जे नको ते सगळं तिथे एकत्र आहे. आजीजवळ ठेवा, तुमच्याजवळ ठेवा, अंगणवाडी आणि आशाताई जवळ असतील अशा ठिकाणी ठेवा. तोरणमाळच्या बाजूला हिवाळ्यात जी थंडी पडते तीत गरम कपडे, पायमोजे, आंघोळीला कोमट पाणी. चैत्र-वैशाखात दुपारी घरात.

औषधांत मुख्य हायड्रॉक्सीयुरिया. या औषधाने बंद पडलेली गॅमा साखळी काही प्रमाणात पुन्हा सुरू होते, म्हणजे बाळपणीचं संरक्षण थोडं परत येतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्याने प्रौढ रुग्णांचे दुखण्याचे झटके जवळपास निम्मे झाले, आणि मुलांतही ते उत्तम चालतं. मात्रा वजनावर ठरते आणि ठरावीक काळाने पांढऱ्या पेशी-प्लेटलेटची मोजणी करावी लागते. झटका आला की घ्यायची ही गोळी नाही, रोजची आहे. दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे फार. ती सोडू नका, तिला जम बसायला वेळ लागतो.

प्लीहा, आपण पानथरी म्हणतो ती, जंतू गाळून मारते. सिकलच्या पेशी तिथे अडकून ती लवकर निकामी होते, आपल्या भागात ती वाढलेली असली तरी काम नीट करत नाही. म्हणून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस डॉक्टरांना विचारून पूर्ण करा. आईला मुलीच्या डाव्या बरगडीखाली हात लावून पानथरी तपासायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टर शिकवतील. पानथरी अचानक मोठी झाली आणि मूल पांढरं पडून सुस्त झालं तर काही तासांत जीव जाऊ शकतो, कारण अंगातलं रक्त तिथे साचतं. तशीच घाई १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखून दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा तोंड वाकडं होणं यांत करायची. तेव्हा सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पोटावर चटके द्यायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. त्याने पानथरी बसत नाही, जखमेतून जंतू मात्र आत जातात.

कायमचं बरं होतं का? तांबडी पेशी हाडांच्या मगजात घडते, आणि चुकीचं अक्षर तिथल्या मूळ पेशींत आहे. भरलेलं रक्त काही आठवड्या-महिन्यांत संपतं, कारखाना तोच राहतो. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर प्रत्यारोपणाने आजार मुळापासून जातो, पण ते मोठ्या शहरात, मोठ्या खर्चात आणि थोड्या जोखमीत होतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मगजातल्या पेशी बाहेर काढून गॅमा साखळीला दाबून ठेवणारा भाग कापतात आणि पेशी परत देतात. आज तो आपल्या आवाक्यात नाही. पण तुमची पुतणी चार वर्षांची आहे. आज तिला नीट सांभाळलं तर पुढे जे येईल त्याचा लाभ घ्यायला ती असेल. दरम्यान जिल्हा रुग्णालयातून तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायची चौकशी करा, २०१६ च्या कायद्यात सिकलसेल धरलेला आहे.

पुढच्या बाळाबद्दल. दिवस गेल्याचं कळताच, उशीर न करता दवाखान्यात सांगायचं. साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा घेऊन बाळ एसएस आहे का ते पाहता येतं, थोडं उशिरा गर्भजलातूनही. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे हे काम होतं. तालुक्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जायचं. लिंग सांगितलं जात नाही, आजार सांगितला जातो. पुढे काय करायचं ते तुमच्या भाऊ-भावजयीनेच ठरवायचं आहे. डॉक्टरने किंवा सासूने नाही.

आणि गावातली लग्नं. होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला तोडीवरची माणसं परत येतात आणि नंतर लग्नसराई लागते. तपासणी करून घ्यायची असेल तर ते दिवस साधा. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी मोफत आहे. मला एक गोष्ट खटकते. मुलीच्या तपासणीच्या कार्डावर एएस दिसलं की सोयरीक मोडते, मुलाचं कार्ड कुणी मागतही नाही. एएस मुलीने एए मुलाशी लग्न केलं तर एकही लेकरू एसएस होत नाही. दोघांची तपासणी हवी, आणि ती सोल्युबिलिटीवर थांबू नये. त्या तपासणीत एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत, आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहकही सुटून जातो. एका बाजूला एएस आणि दुसऱ्या बाजूला बीटा थॅलेसेमियाचा वाहक, अशा जोडप्याच्या बाळालाही जवळपास सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. म्हणून एक जण एएस निघाला की दुसऱ्याची एचपीएलसी कराच.

तुम्ही पत्रात सगळ्यांचं लिहिलं, स्वतःचं नाही. तुमचा भाऊ एएस आहे, म्हणजे तुमच्या आई किंवा वडिलांपैकी निदान एकाकडे 'एस' आहे, आणि तो तुमच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. तुमची आणि तुमच्या पत्नीची एचपीएलसी झाली नसेल तर पुतणीला पुढच्या वेळी दवाखान्यात आणाल तेव्हा तुम्ही दोघांनीही रक्त देऊन जा.